संपाची भूक कोणाच्या वाट्याला?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील तेव्हा एका गिरणीच्या रिंग खात्यात होते आणि मी सातवीत होतो. त्या संपाविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. मागण्या, वाटाघाटी, सरकारचे धोरण, गिरण्यांच्या जमिनी, सगळे लिहिले गेले. माझ्या आईला यातले काही विचारले तर नीट सांगता येत नाही. तिला आठवते ते वेगळेच. पितळेचा हंडा होळीच्या आधी गेला, कानातले पाडव्यानंतर गेले, आणि पावसाळा लागल्यावर धाकट्या बहिणीला गावी मामाकडे पाठवले. ‘तिला पाठवली तेव्हा घरात दीड पायली जोंधळा होता,’ असे ती आजही सांगते. संपाची ही आईची कालगणना आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ती मला कोठे सापडली नाही.

म्हणून मी जरा मागे गेलो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात गिरणीचा कामगार मोठ्या संख्येने उभा होता. मुंबईची गिरणी ही त्या गिरणीची धाकटी बहीण. यंत्रे तिकडून आली, खात्यांची रचना तिकडून आली, भोंगाही तिकडूनच आला. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग १८५४ साली आरंभला आणि १८५६ साली ती चालू झाली. त्याच १८५४ सालच्या मे महिन्यात लँकेशायरमधील प्रेस्टन या गावी सात महिन्यांची उपासमार सोसून हजारो कामगार जुन्याच पगारावर कामावर परतत होते. आपल्याकडे गिरणी जन्माला येत होती तेव्हा तिच्या माहेरी संपाची चूल विझत होती.

प्रेस्टन हे रिबल नदीकाठचे गाव. १८५१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सत्तर हजारांच्या घरात होती आणि गावाचे पोट सुतावर चालत होते. १८४७ साली धंदा मंदावला म्हणून मालकांनी पगारात दहा टक्के कपात केली. धंदा सुधारला की कपात परत करू, असा शब्द मालकांनी दिला होता असे कामगारांचे म्हणणे होते. धंदा सुधारला, मालक तो शब्द विसरले. १८५३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या स्टॉकपोर्टच्या कामगारांनी संप करून दहा टक्के मिळवले. मग प्रेस्टननेही तीच मागणी लावून धरली. जॉर्ज कॉवेल आणि मॉर्टिमर ग्रिमशॉ हे त्यांचे प्रमुख वक्ते. ‘दहा टक्के’ हीच घोषणा झाली. आठवड्याला दहा शिलिंग मिळवणाऱ्या विणकरणीच्या दृष्टीने पाहिले तर ही मागणी एका शिलिंगाची होती.

कामगारांचा बेत साधा होता. थोड्या गिरण्यांत संप करायचा आणि बाकीच्या गिरण्यांत कामावर असलेल्यांनी वर्गणी काढून संपवाल्यांना पोसायचे. मालकांना हा बेत कळायला वेळ लागला नाही. तीसहून अधिक मालक एकत्र आले आणि ऑक्टोबर १८५३ च्या मध्यात त्यांनी आपल्या गिरण्यांना एकदम टाळे ठोकले. अठरा हजारांच्या वर माणसे रस्त्यावर आली. इतिहासात याला प्रेस्टनचा संप म्हणतात. पण ध्यानात घेतले पाहिजे की यांतल्या बहुसंख्यांनी संप केलेलाच नव्हता. त्यांच्यावर संप आणला गेला होता.

आता या अठरा हजारांच्या घरात शिरले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरी एकाचा रोजगार बुडाला तर दुसरा काही आणतो. गिरणगावात तसे नसते. प्रेस्टनमध्ये बाप, आई, थोरली मुलगी, सगळी गिरणीतच. १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांच्या पोरालाही अर्धा दिवस कामाला लावता येत होते; उरलेल्या वेळात त्याने शाळेत बसायचे. गिरणीचे दार बंद झाले की घरातल्या चारही मिळकती एकाच दिवशी बंद. मायकेल अँडरसन या अभ्यासकाने १८५१ च्या शिरगणतीवरून प्रेस्टनच्या कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला आहे. संकटात ही माणसे नातलगांच्या आधारावर जगत, असे त्यांनी दाखवले. खरे आहे. पण टाळेबंदीत मावशीही बसलेली आणि काकाही बसलेला. ज्याच्याकडे हात पसरायचा त्याचाच हात रिकामा.

मग उरते गहाणाचे दुकान. त्या काळच्या इंग्रज कामगारवस्तीत सोमवारी रविवारचे चांगले कपडे गहाण टाकायचे आणि शनिवारी पगार झाला की सोडवायचे, हा रिवाजच होता. संपात सोमवार येतो, शनिवार येत नाही. कपडे सुटत नाहीत. त्यांच्यामागून अंथरूण जाते, घड्याळ जाते, भांडी जातात. कोपऱ्यावरचा दुकानदार वहीत लिहून घेतो आणि मग एक दिवस वही मिटतो, कारण त्यालाही वरच्या व्यापाऱ्याचे देणे असते. त्यातून १८५३ चे पीक बुडालेले, पाव महागलेला. जानेवारी १८५४ मध्ये इंग्लंडभर मोठा बर्फ पडला. मार्चमध्ये रशियाशी युद्ध पुकारले गेले.

सरकारी आधार म्हणाल तर १८३४ चा गरिबांचा कायदा होता. धडधाकट माणसाने मदत मागितली तर त्याला अनाथालयवजा कामघरात घालावे, हे त्या कायद्याचे तत्त्व. तेथे नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, मुले तिसऱ्या बाजूला. अंगावर कामघराचे कपडे. मदत इतकी अपमानाची करून ठेवायची की उपाशी माणसाने ती मागूच नये, असा त्यामागचा हिशेब. आपल्या वाचकांना हा हिशेब नवा नाही. भाकरी द्यायची पण ती वरून टाकायची, ही रीत आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे.

तरीही प्रेस्टन सात महिने टिकले, हे विलक्षण आहे. ते टिकले दुसऱ्या गावांतल्या कामगारांच्या पैशावर. ब्लॅकबर्न, स्टॉकपोर्ट आणि अशा कितीतरी गावांत दर आठवड्याला पेनी-पेनी गोळा होई. एकूण रक्कम एक लाख पौंडांच्या वर गेली. गरिबांनी गरिबांसाठी काढलेली एवढी वर्गणी तोवर क्वचितच कोणी पाहिली असेल. जानेवारीच्या अखेरीस चार्ल्स डिकन्स मुद्दाम प्रेस्टन पाहायला गेला. दंगेधोपे दिसतील असे पुष्कळांना वाटत होते. त्याने पाहिले ते शांत रस्ते, कोंबड्यांच्या झुंजीच्या जुन्या आखाड्यात भरलेली प्रतिनिधींची शिस्तबद्ध सभा आणि मदतीचे पैसे घ्यायला निमूट येणारी माणसे. फेब्रुवारीत त्याने आपल्या साप्ताहिकात या संपावर लेख लिहिला. तेथील माणसांची सभ्यता त्याने मान्य केली, संप मात्र चूक ठरवला.

इथवरची कथा चळवळीच्या अभिमानाची आहे आणि तो अभिमान मलाही आहे. पण माझा प्रश्न यापुढे सुरू होतो. हा एक लाख पौंड वाटला कसा?

प्रेस्टनचे कामगार एक नव्हते. सूत कातणाऱ्या तरबेज पुरुषांची संघटना वेगळी, विणकरांची वेगळी, कार्डिंग खात्याची वेगळी. प्रत्येकाची समिती वेगळी आणि निधीही वेगळा. ज्याची संघटना जुनी आणि भक्कम त्याला मदत अधिक. कार्डिंग खात्यात, जेथे कापसाची धूळ छातीत भरते आणि पगार थोडा, तेथील माणसांच्या पदरात सर्वांत कमी पडले. मागणी पुढे नेण्यात विणकर आघाडीवर होते, आणि टाळे मात्र सर्वांवर पडले. म्हणजे ज्यांचा पगार कमी, ज्यांच्याकडे गहाण टाकायला कमी, त्यांनाच मदतही कमी. गिरणीत जी उतरंड होती तीच उपासातही कायम राहिली.

हे प्रेस्टनला नवे नव्हते. १८३६ च्या अखेरीस याच गावात सूत कातणाऱ्या सहाशेच्या वर पुरुषांनी संप केला होता. त्यांच्या हाताखाली तुटलेले धागे जोडणारी पोरे होती. त्या पोरांना पगार मालक देत नसे, कातणारा आपल्या मिळकतीतून देई. संप होताच ती पोरे बसली. सूत थांबले म्हणून माग थांबले, कापूस पिंजणे थांबले आणि हजारो माणसे बेकार झाली. त्यांना कोणी विचारले नव्हते. संप हरला, आणि मालकांनी त्या निमित्ताने आपोआप चालणारी नवी यंत्रे आणली.

१८५४ च्या फेब्रुवारीत मालकांनी जुन्या पगारावर गिरण्या उघडल्या. फारसे कोणी आत गेले नाही. तेव्हा त्यांनी बाहेरून माणसे आणायला सुरुवात केली. कोठून? आयर्लंडमधून आणि इंग्लंडच्या शेतीवरच्या परगण्यांतून. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजले होते आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली होती. त्या दुष्काळातून वाचलेली माणसे प्रेस्टनच्या स्टेशनवर उतरली. संपवाल्यांनी त्यांना गाठले, समजावले आणि परत जायला राजी केले. याच कारणावरून मार्च १८५४ मध्ये कॉवेल, ग्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. पुढे तो खटला मालकांच्या बाजूने चालवलाच गेला नाही. काम भागले होते.

या आयरिश माणसांना चळवळीच्या भाषेत संपफोडे म्हणतात. शब्द खोटा नाही. त्यांच्या येण्याने संप फुटतो. पण मला विचारावेसे वाटते की ज्या माणसाने घरातली माणसे भुकेने मरताना पाहिली, त्याच्यापुढे प्रेस्टनच्या एकजुटीचा विचार कोणी, केव्हा आणि कोणत्या नात्याने मांडला होता? एरवी लँकेशायरचा इंग्रज कामगार आयरिशाला आपल्यापेक्षा हलका मानत असे. त्याची वस्ती वेगळी, त्याचा धर्म वेगळा. सुखात जो परका, तो संपात भाऊ व्हावा, ही अपेक्षा कितपत न्यायाची?

एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेला हे थोडे उमगले होते. प्रेस्टननंतर काही महिन्यांतच तिची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तीत बाउचर नावाचा एक कामगार आहे. पुष्कळ मुले, आजारी बायको, हातात कसब बेताचे. संपात तो तगू शकत नाही. युनियनचा खंबीर पुढारी हिगिन्स त्याला दुबळा समजतो. बाउचर फुटतो, मालकही त्याला घेत नाही, आपलेही त्याला टाकतात, आणि शेवटी तो ओढ्यात जीव देतो. त्याच्यामागून बायको मरते आणि त्याची पोरे हिगिन्सलाच सांभाळावी लागतात. गॅस्केलबाई धर्मोपदेशकाच्या पत्नी. त्यांचा उपाय मालक आणि मजूर यांच्यातल्या समजुतीचा, तो मला पटत नाही. पण संपाच्या गोष्टीत बाउचरलाही जागा आहे, हे त्यांनी पाहिले. चळवळीच्या लेखकांनी ते पाहायला हवे होते.

मे १८५४ च्या सुरुवातीला प्रेस्टनचा संप संपला. पैसे आटले होते, स्टॉकपोर्टचेही दहा टक्के टिकले नाहीत. माणसे जुन्या पगारावर परतली. पुढे झालेल्या पुष्कळांना दार बंदच राहिले. मालकांनी आपला तोटा हिशेबाच्या वहीत मांडला. गहाणातून न सुटलेल्या वस्तूंची वही कोणी राखली नाही.

आता मी मुंबईकडे येतो, कारण प्रेस्टन आणि मुंबई यांना जोडणारी एक लहानशी वस्तू आहे. ती म्हणजे मागाचा धोटा. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक त्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे. त्यासाठी विणकर भोकाला तोंड लावून सूत ओढून घेई. लँकेशायरमध्ये या कृतीला धोट्याचे चुंबन म्हणत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे. त्यातून धूळ पोटात जाई, दात किडत, रोग पसरत. पण लँकेशायरमध्ये कोणाच्या तोंडाने कोणाचे तोंड बाटत नव्हते. कार्डिंग खात्यातल्या गरीब बाईची मुलगी माग शिकली तर विणकरीण होऊ शकत होती.

हाच धोटा मुंबईत आला आणि त्याला जात चिकटली. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावणार नाही, म्हणून अस्पृश्याला विणाई खात्यात प्रवेश नाही. विणाई खात्यात पगार अधिक. आमच्या माणसांनी रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या कामांवर राहायचे. हा नियम कोणा मालकाने लिहून काढला नव्हता. तो कामगारांनीच कामगारांवर लादला होता, मालकाला तो सोयीचा होता.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईत दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. बाबासाहेबांनी त्या वेळी युनियनच्या पुढाऱ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवला. संपात अस्पृश्य कामगारांनी तुमच्याबरोबर उपाशी राहायचे, तर सर्व खात्यांत काम करण्याचा त्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत का नाही? तो हक्क मान्य नसेल तर मी माझ्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगेन, असे त्यांनी बजावले. तेव्हा कोठे ती मागणी नाइलाजाने यादीत घालण्यात आली. आणि ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी पुढाऱ्यांनाच सुनावले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, पुन्हा संप झाला. आदल्या वर्षीच्या कर्जाने कामगार पिचलेला होता आणि सर्वांत तळचा कामगार सर्वांत अधिक. बाबासाहेबांनी त्या संपाला विरोध केला. त्यावरून त्यांना आणि आमच्या माणसांना संपफोडे म्हणणारे पुष्कळ निघाले, अजूनही निघतात. त्यांनी प्रेस्टनच्या स्टेशनवर उतरलेल्या आयरिश माणसाकडे आणि गॅस्केलच्या बाउचरकडे पुन्हा एकदा पाहावे. ज्याला विणाई खात्यात घेत नाही त्याने विणाई खात्याच्या पगारासाठी दुसऱ्यांदा घर गहाण टाकावे, याला एकजूट म्हणायचे की वेठ?

बाबासाहेब संपाच्या विरुद्ध होते असा अर्थ कोणी काढला तर तो चुकेल. औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावर घाला आला तेव्हा, १९३८ साली, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी भूमिका त्यांनी विधिमंडळात घेतली. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. एकोणतीस सालचे आणि अडतीस सालचे बाबासाहेब यांत मला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळी त्यांनी एकच हिशेब विचारला. उपास कोणाचा आणि हक्क कोणाचा?

जाती ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली सांगितले. प्रेस्टनमध्येही श्रमिकांची विभागणी होतीच. कसबाची होती, स्त्री-पुरुषांची होती, आयरिश-इंग्रजांची होती. फरक इतकाच की तेथील उतरंडीच्या पायऱ्या निदान चढता येत होत्या. आमच्या उतरंडीला पायऱ्याच नव्हत्या.

म्हणून संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे. किती माणसे बाहेर पडली आणि किती दिवस टिकली, एवढे लिहून थांबू नका. बाहेर पडण्याआधी कोणाला विचारले आणि कोणाला नाही, ते लिहा. मागण्यांच्या यादीत तळच्या माणसाची मागणी कितव्या क्रमांकावर होती, की नव्हतीच, ते लिहा. फंड कसा वाटला ते लिहा. कामावर सर्वांत शेवटी कोण परतले आणि कोण परतलेच नाही, ते लिहा. हे लिहिल्याने चळवळीचा अपमान होत नाही. पुढचा लढा कोणाच्या जिवावर उभा करायचा नाही, हे त्यातून कळते.

माझ्या वडिलांना पुन्हा काम मिळाले नाही. बहीण गावीच वाढली आणि तिची शाळा चौथीत सुटली. संप चुकला होता असे वडील शेवटपर्यंत म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. हंडा मात्र परत आला नाही. त्याची नोंद कोणाच्या अहवालात नसेल, म्हणून ती मी येथे करून ठेवतो.